दिवसा ओरडणारा डबा

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी मेहुण्याचा फोन आला. तो नेरजवळच्या गावात शेती पाहतो. एरवी तो आधी हवापाण्याचं बोलतो आणि मग कामाचं. त्या दिवशी थेट म्हणाला, "भाऊजी, डब्बा दिवसाच ओरडून राह्यला."

"आणि रात्री?"

"रात्री चूप. डुकरं आरामात येतात, चरतात, जातात. सकायी उजाडलं का ताई सुरू. वेचणीच्या बाया हासतात. आई मातर... आई सैपाक सोडून धुऱ्यावर जाऊन बसते, डब्ब्यापाशी."

ताई म्हणजे माझी बायको. ती या उन्हाळ्यात गेली. डबा म्हणजे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खांबाला लावलेलं रानडुकरं पळवायचं यंत्र. ते मी केलं आहे, आणि त्यातून निघणारा आवाज तिचा आहे.

"मध्ये आतला शेल बदलला होता का?" मी विचारलं.

"हो. दिवाळीच्या साफसफाईत. सकायीच बदलला."

काय झालं ते मला तिथेच कळलं. शेल घातला की डब्यातलं घड्याळ 'संध्याकाळचे सहा' धरून चालू लागतं. ते मीच तसं लिहिलं होतं. मेहुण्याने शेल सकाळी घातला, म्हणून डबा सकाळीलाच संध्याकाळ समजत होता. उपाय एका वाक्याचा होता. शेल काढा आणि संध्याकाळी सहाला परत घाला. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "येऊन पाहतो."

मला तो आवाज दिवसाउजेडी, शेतात उभं राहून ऐकायचा होता. त्यासाठी मी दुसऱ्याच्या तुरीत डुकरं चरू दिली.

आमचं घर यवतमाळचं, कचेरीतल्या लोकांचं. आजोबा, वडील, काका, सगळे फायलींपाशी बसून निवृत्त झाले. मोठ्याने बोलणारा माणूस आमच्याकडे अडाणी समजला जाई. कोणी तसं म्हणत नसे, पण पाहुणा गेल्यावर आई खिडकी लावून घ्यायची आणि त्यातून समजायचं. मी तंत्रनिकेतनात शिकवतो, आणि तिथेही माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही अशी तक्रार असते. त्या तक्रारीचा मला मनातून थोडा अभिमान होता.

बायको या घरात आली ती ज्वारीच्या रानातला आवाज घेऊन. तिच्या लहानपणी त्यांच्याकडे ज्वारी असायची, आणि कणसात दाणा भरला की पाखरं राखायला घरातल्या पोरींना मचाणावर बसवायचे. हातात गोफण असायची, पण खरं काम गळ्याचं. प्रत्येक घराची हाक वेगळी. संध्याकाळी कोणत्या शेतात कोण बसलं आहे ते गावात नुसतं ऐकून कळायचं. पुढे ज्वारी गेली, कापूस आणि सोयाबीन आलं, मचाणं मोडली. हाक तिच्याकडे राहिली.

आमच्या फ्लॅटमध्ये ती स्वयंपाकघरातून बोलली तरी जिन्यात ऐकू जाई. मी "हळू" म्हणायचो. रागावून कधी म्हणालो नाही, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. कॉलेजच्या चहापानाला गेलो की ती बोलायला लागताच मी तिच्या कोपराला दोन बोटं लावायचो. तेवढ्याने ती थांबायची. काही वर्षांनी बोटं लावायची गरज उरली नाही. माझ्या फोनमध्ये तिचे आवाजी निरोप अजून आहेत: येताना कोथिंबीर आणा, गॅसवाला येऊन गेला. सगळे दबक्या आवाजात. तो आवाज मी घडवलेला आहे.

सासऱ्यांचे गुडघे गेल्यावर रोज रात्री जागलीला, पीक राखायला, जाणारं कोणी उरलं नाही. शेताला जुन्या लुगड्यांचं कुंपण बांधलं. त्यात तिनेही आपल्या साड्या दिल्या होत्या. डुकरं साड्यांना सरावली. फटाक्यांना सरावली. बाजारातून आणलेल्या भोंग्यातल्या कुत्र्याच्या भुंकण्याला तर दोन दिवसांत. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जनावर मशीनले भेत नाई, मानसाले भेते." त्यावरून मी डबा करायला घेतला. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एक भोंगा, सौर पाटी. रात्रभर ठरावीक नसलेल्या वेळाने तो माणसाच्या आवाजात हाक देईल. कोणाचा आवाज घ्यायचा यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

हाका टिपायला आम्ही गेल्या वर्षी असेच दिवाळीनंतर गेलो होतो. निंबाखाली बाजेवर प्रयोगशाळेचा लॅपटॉप आणि माइक ठेवला आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली. आवाज किती दूर जातो ते पाहायला मी शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी गेलो. ऐकू आलं की हात वर करायचा, असं ठरलं. तिने पहिली हाक दिली, "हाऽऽऽ होऽऽय!" मी हात वर केला. दुसरी दिली. हात वर केला. कितीतरी वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. तो विहिरीच्या कठड्यावर आपटून माझ्या मागे गेला.

मग ती तिथूनच ओरडली, "अजी, ऐकू येऊन राह्यलं का? का इथंबी हळूच बोलू?"

आणि हसली. वेचणाऱ्या बाया ओंजळीतला कापूस सोडून हसल्या. मेहुणा हसला, सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. अख्खं शेत मध्ये होतं, पण एक अक्षर वाऱ्यात हरवलं नाही. ठरल्याप्रमाणे मी हात वर करायला हवा होता. मी तो केला नाही. परत येताना बसमध्ये मी तिच्याशी बोललोही नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती. उतरताना म्हणाली, "गंमत केली होती जी." हळू आवाजात.

डब्यात बसवलेल्या चिपमध्ये फ्लॅश मेमरी असते. वीज गेली तरी ती विसरत नाही, हा तिचा गुण. दुसरा गुण असा की तिच्यावर लिहिलेलं खोडून तिथेच दुरुस्त करता येत नाही. एक अक्षर बदलायचं तरी आधी ते पूर्ण पान कोरं करावं लागतं. दर वर्षी मी मुलांना हे शिकवतो. त्याच्याच पुढच्या तासाला संरक्षण शिकवतो. चिपला कुलूप घातलं की आत काय लिहिलं आहे ते बाहेरून कोणाला वाचता येत नाही. कुलूप काढता येतं, पण काढताक्षणी आतला सगळा मजकूर पुसला जातो. चोराच्या हाती कोरी चिप लागते. आमच्याकडे मुलं एकमेकांचे प्रकल्प चिपमधून उतरवून आपल्या नावावर दाखवतात, म्हणून मी नियम घातला आहे. काम संपलं की शेवटची पायरी कुलूप. कुलूप नसेल तर मी मार्क कापतो.

तिच्या आवाजाचे मी तुकडे केले. दोन हाका वाजवायच्या यादीत घेतल्या. तिसरा तुकडा, तो प्रश्न आणि ते हसणं, यादीतून गाळला. मात्र मेमरीत तो तसाच जाऊ दिला. कारण काढायचा तर मेमरीतल्या जागांचे पत्ते पुन्हा मांडावे लागले असते, आणि जागा भरपूर होती. तो तुकडा आत राहिला तो माझ्या आळसामुळे. मग सवयीने बोट कुलपाच्या चौकटीवर गेलं. माझ्या मेहुण्याच्या धुऱ्यावरचा डबा कोण उघडणार होतं? तरी लावलं. मूळ फाइल प्रयोगशाळेच्या त्याच लॅपटॉपवर होती. तिथल्या डिस्क प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला साफ करतात. मला ते माहीत होतं. मी ती फाइल उतरवून घेतली नाही. ती पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती.

तर फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेरला उतरलो. मेहुणा मोटारसायकल घेऊन आला होता. शेताच्या अलीकडेच हाक ऐकू आली. भर दुपारची. मेहुण्याने गाडी हळू केली, पण मागे वळून पाहिलं नाही.

सासूबाई डब्याच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. मला पाहून उठायला लागल्या, मी बसवलं. वेचणीतली एक बाई ओळीतून म्हणाली, "आले का मिस्त्री? बाई दिवसभर ओरडून राह्यली तुमच्या नावानं." दुसरीने तिला कोपर मारलं. माझी बायको गेली आहे हे बहुधा तिला तेव्हा आठवलं. ती खाली मान घालून वेचू लागली.

आम्ही दोघं खांबापाशी बसून राहिलो. दर थोड्या वेळाने ती ओरडायची. हाकेच्या आधी भोंग्यात बारीक खरखर यायची, आणि ती आली की सासूबाई मान वर करायच्या. शेवटचे दिवस दवाखान्यात तिच्या तोंडात नळी होती. तेव्हा ती डोळ्यांनी बोलायची. सासूबाई तेव्हा माझ्या शेजारीच बसायच्या, अशाच मान वर करून.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ते हासली होती नं? तुमाले काई तरी बोलली अन् हासली. ते हाय का याच्यात?"

"आहे."

"मंग हे दोनच काहून वाजतात?"

मी म्हणालो, "ते वाजायला लावलं नाही."

"तं काढा नं. मोबाइलात टाकून द्या मले. तुमाले तं येते. पोरायले शिकवता तुमी."

कुलूप मला त्याच क्षणी आठवलं होतं. तरी मी म्हणालो, "काढतो."

मेहुण्याने डबा खांबावरून उतरवून पोत्यात घातला. "लवकर आना, भाऊजी. डुकरं तुमच्यापेक्षा टाइमाचे पक्के हायेत."

प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर मी डबा उघडला आणि चिपला तार जोडली. वाचायला सांगितलं की नकार येत होता. तो बरोबर होता, मीच शिकवला होता तिला. मग कुलूप काढण्याची आज्ञा दिली. पडद्यावर चौकट आली: सर्व मजकूर पुसला जाईल, पुढे जायचं का? या प्रश्नाचं उत्तर मी परीक्षेत एका मार्काला विचारतो. मी तार काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी परत जोडली. काही पुस्तकं चाळली. एका जुन्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, मोठ्या ठिकाणी चिपचं कवच तासून आतलं वाचणारे लोक असतात, पण दहातली एखादी वाचते, बाकी मरतात. 'मरतात' हा आमचा धंद्यातला शब्द. तो म्हणून झाल्यावर मित्र ओशाळला.

आता निदान एवढं तरी करायला हवं होतं: डबा जसा आहे तसा परत न्यायचा, सहाला शेल घालायचा आणि सासूबाईंना खरं सांगायचं. हे सगळं पहिल्याच दिवशी स्पष्ट होतं. तरी डबा माझ्या टेबलावर राहिला. मेहुणा फोन करायचा, मी "काम चालू आहे" म्हणायचो. काहीही चालू नव्हतं. मी त्या चिपकडे पाहत बसायचो. आपण अजून शोधतो आहोत असं तिकडे वाटू द्यावं, तोवर मला कोणी काही विचारणार नाही, एवढाच हिशेब होता.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. "भाऊजी, काम राहू द्या. तसाच आना डब्बा. तुरीचा नाल्याकडचा पट्टा झोपवला डुकरायनं."

"कधी?"

"होऊनच राह्यलं होतं. तुमाले सांगतलं नाई. मी अन् आई पाळीपाळीनं जागलीवर जाऊन राह्यलो. आईचा गळा बसला पुरा. आता तं तिच्यानं मांजरबी पळत नाई."

त्याने ते हसत सांगितलं. मी त्याच दिवशी रजा टाकली.

पोहोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. नाल्याकडची तूर खरंच झोपली होती, फुलासकट. सासूबाई खांबाजवळच्या निंबाखाली बाजेवर होत्या, गळ्याला फडकं गुंडाळलेलं. मेहुणा डबा खांबावर चढवू लागला. मी सासूबाईंसमोर उभा राहिलो. बसायची हिंमत झाली नाही.

"आई, ते निघत नाही," मी म्हणालो. "आत आहे, पण मी त्याला कुलूप लावलं होतं. उघडलं तर सगळंच पुसलं जाईल. या दोन हाकासुद्धा. पहिल्या दिवशीच माहीत होतं मला. काढतो म्हणालो ते खोटं होतं."

त्यांचा आवाज फुटत नव्हता. फडक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "कुलूप? काहून? कोन चोरून नेत होतं तिले?"

"सवयीनं," मी म्हणालो.

वर खांबावरून मेहुणा म्हणाला, "असू दे, आई. मशीनचं काम हाय." त्यांनी त्याला हाताने गप्प केलं. मग म्हणाल्या, "मले ते अर्धंच याद येते. अजी, ऐकू येते का, असं काई. पुढचं नाई येत. तुमी त्या टोकाले होते. तुमाले पुरं ऐकू आलं असंल."

"आलं होतं."

"मंग सांगा."

मी सांगितलं. ते सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की शेवटचे शब्द मलाच ऐकू आले नाहीत.

"असं बोलली का ते?" सासूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी बाजेची कड धरली आणि उठल्या. "तुमी इथंच राहा. तिच्या जागी. मी तिकडं जातो."

मेहुणा खाली उतरला. "आई, कुठं चालली? सहा व्हाले आले." पण त्या निघाल्या होत्या. कापसाच्या ओळींमधून, काडीला लुगडं अडकलं की सोडवत, विहिरीकडे. त्यांना वेळ लागला. मेहुणा शेल मुठीत धरून माझ्या शेजारी उभा राहिला. त्यालाही काय चाललं आहे ते कळलं असावं, कारण तो माझ्याकडे पाहत नव्हता.

सासूबाई विहिरीच्या कठड्यापाशी पोहोचल्या आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इथून तिथला माणूस किती लहान दिसतो ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तिला एवढाच दिसलो असेन.

मी ओरडलो. "अजी, ऐकू येऊन राह्यलं का?" आवाज घशातच चिरला. कापसाच्या पऱ्हाटीत उरलेल्या एकदोन बाया सरळ झाल्या. सासूबाई हलल्या नाहीत.

"नाई गेला," मेहुणा हळूच म्हणाला. "पोटातून काढा, भाऊजी. गळ्यातून नाई निघत तो."

मी पुन्हा ओरडलो, सबंध. "अजी, ऐकू येऊन राह्यलं का? का इथंबी हळूच बोलू?"

विहिरीपाशी हात वर झाला.

मी तिथे थांबायला हवं होतं की पुढचंही करायला हवं होतं, मला समजेना. पुढे तिचं हसणं होतं. सासूबाईंचा हात वरच होता, त्या त्याची वाट पाहत असाव्यात. मी तोंड उघडलं. ते मला जमलं नाही. वेचणाऱ्या बायांपैकीही कोणी हसलं नाही.

मेहुण्याने मोबाइलवर वेळ पाहिली आणि खांबावर चढून डब्यात शेल घातला. खरखर आली, मग तिची हाक गेली, शेताच्या त्या टोकापर्यंत, माझ्यापेक्षा कितीतरी सहज. सासूबाईंनी हात खाली घेतला आणि परत यायला निघाल्या. अंधारून येत होतं, म्हणून मी त्यांना आणायला पुढे गेलो. वाटेत त्या काही बोलल्या. त्यांचा गळा बसलेला होता आणि मला ऐकू आलं नाही. परत विचारायची मला लाज वाटली.